वजा मीठ

पहाटे पावणेसहा. रास अल खैमाहचा किनारा.
रबरी टोपीवर माझा नंबर, चारशे बारा.
दंडावरही तोच, काळ्या मार्करने.
लिहिणारी पोरगी म्हणाली, "अंकल, हात सैल सोडा."

तीन दिवसांची शर्यत. आज पोहायचं,
उद्या सायकलने जबल जैस चढायचा,
परवा धावायचं, जे काही पाय उरतील त्यांनी.

हा समुद्र तसा माझ्या ओळखीचा.
सतरा वर्षं त्याला पाइपातून आत घेतो,
पडद्यांवर दाबतो, मीठ वजा करतो,
गोड करून शहराच्या टाक्यांत सोडतो.
लॉगबुकात त्याची क्षारता लिहितो ती मीच.
पण असा कधी भेटला नव्हता,
नाकात, कानात, घशात, न गाळलेला.

पोहायला शिकलो विट्याजवळच्या विहिरीत.
पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, काठावर बापूकाका.
"हाण पाय!" एवढंच प्रशिक्षण.
विहीर गोल होती, कुठेही गेलं तरी
हाताला दगड लागायचा.
इथे पिवळा बोया, त्यापुढे आणखी एक पिवळा बोया,
मध्ये माझा श्वास, तीन हातांना एक.
जेलीफिशने मनगटावर काय लिहिलं
ते संध्याकाळपर्यंत वाचता येत होतं.

जबल जैसचा रस्ता चांगला आहे, हीच त्याची खोड.
एक खड्डा नाही की ज्याला दोष द्यावा.
वळण. वळण. एक बकरी. वळण.
सायकल एका दक्षिण आफ्रिकन मास्तराने
देश सोडताना विकलेली,
चेन अजून त्याच्याच भाषेत कुरकुरते.
अकराव्या किलोमीटरला मारिव्हिक पुढे गेली,
दातांच्या दवाखान्यातली नर्स, पन्नाशीची.
"वर बघू नका," जाता जाता म्हणाली.
मग खाली बघितलं. डांबराचा खडा न् खडा बघितला.
डोंगराला झाड नाही, सावली काय ती माझीच,
तीही मागे रेंगाळणारी.

बायकोला खरं सांगितलं नव्हतं.
कराडला फोनवर म्हणालो, कंपनीची सहल आहे.
सेहेचाळिसाव्या वर्षी गुडघे थकबाकी मागतात,
आणि तिचा प्रश्न मला पाठ होता :
कशासाठी?

तिसरा दिवस. खारफुटीच्या कडेने एकवीस किलोमीटर.
चौदाव्याला पोटऱ्या आवळल्या,
कोणी ओला पंचा पिळावा तशा.
बसलो.
काळ्या सदऱ्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या,
किनारे, आखात, बगलेजवळ एक बेट.
सतरा वर्षं जे वजा केलं
ते बहुतेक इथे जमा होत होतं.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
काढलेल्या मिठाचं काय करावं, कोणी सांगत नाही.

गुलजमीर टेबलं मिटत होता.
टॅक्सी बंद ठेवून मदतीला आलेला पठाण.
"गाडीत बसायचं?" त्याने हिंदीत विचारलं.
मी मान हलवली. कुठल्या अर्थाने, मलाही ठाऊक नाही.
त्याने ती 'नाही' धरली, पेला पुढे केला.
नळाचं पाणी, बर्फ घातलेलं. चव ओळखली.
आमच्याच प्लँटचं, जरासं सपक.
म्हटलं, यात चिमूटभर मीठ टाक.

पोचलो तेव्हा मुदत संपून नऊ मिनिटं झाली होती.
फुगवलेल्या कमानीतली हवा सोडायला घेतली होती,
तिचा एक खांदा जमिनीला टेकला होता.
वाकून आत गेलो,
पंगती उठल्यावर मांडवात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा.
पदकं खोक्यात शिल्लक दिसत होती, पण नियम तो नियम.
मारिव्हिकने अर्धं केळं दिलं.

रात्री फोन लावला.
"कशी झाली सहल?"
"खारट," म्हणालो.
ती हसली. मग गप्प झाली.
मग म्हणाली, "गुडघ्याला काय लावलंयस?"